चाकणला बसून काढलेला दिवस

भाद्रपद जवळ आला की आमच्या मोशीच्या सोसायटीत दोन गोष्टींना ऊत येतो. खाली पार्किंगमध्ये पोरं ढोलाचा सराव सुरू करतात आणि वर आमच्या घरात पायांची चर्चा सुरू होते. कुणाच्या टाचेला भेग पडलीय, कुणाचं नख आत वळलंय, मोजे सुती घ्यावेत की कसले. पाऊस तोवर दमलेला असतो. येतो, पण मन लावून पडत नाही. नाशिक रस्त्याच्या बाजूने वारा आला की मला चाकणच्या बाजारातल्या कांद्याचा वास येतो. घरातले सगळे म्हणतात, एवढ्या लांबून वास येणं शक्य नाही. त्यांना येत नसेल. माझं नाक त्या कांद्यासमोर एक अख्खा दिवस बसलेलं आहे.

कारण साधं आहे. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीची यात्रा असते. हरेगाव श्रीरामपूरजवळचं. मरियामातेच्या जन्माच्या सणाला आम्हा ख्रिस्ती लोकांची तिथे ही गर्दी होते. कुणी एसटीने येतं, कुणी ट्रॅक्टरने, आणि ज्यांचा नवस असतो ते चालत. यंदा आमची एंजल, म्हणजे माझी नात, मैत्रिणींबरोबर चालत जाणार आहे. कॉलेजात जाते आता. तिने बूट आणलेत, ते अंधारात चमकतात आणि हातात घेतले तर बूट आहेत की पापड ते कळत नाही. परवा माझ्यासमोर ते घालून मिरवली आणि म्हणाली, "आजी, तू चालली आहेस ना एकदा. काहीतरी टिप दे."

मी म्हटलं, "बसायला शीक."

तिला वाटलं, आजी नेहमीसारखी थट्टा करतेय. स्वयंपाकघरात तिची आई, रेश्मा, कणीक मळत होती. तिचे हात थांबले. ती माझ्याकडे वळून हसली आणि परत मळायला लागली. त्या हसण्यापायी हा लेख लिहायला घेतला.

तर मी चालत गेले त्या साली आम्ही देहूरोडला राहत होतो, आणि त्या घरात एक बाई होती. पन्नाशी ओलांडलेली, पदर खोचलेला, आवाज लष्कराच्या हद्दीपर्यंत जाणारा. ती बाई म्हणजे मीच, पण आता तिची ओळख सांगायला मला संकोच वाटतो. तिला वाटे की जगात कामं करणारी ती एकटीच आहे, आणि बाकीचे लोक तिने काम करावं म्हणून जन्माला आले आहेत. देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. ही बाई तिथे असती तर सातव्या दिवशी तिने देवाला पाय वर घ्यायला लावून खालून झाडू मारला असता.

नवस तिचाच. एंजल सातव्या महिन्यात जन्मली होती, तळहातावर मावेल एवढी. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलेलं. आत फक्त रेश्माला सोडत. बाई रोज दोन वेळा डबा घेऊन जायची, दारावरच्या वॉचमनच्या हाती द्यायची आणि रिकामा डबा आवारातल्या नळावर घासायची. घरी नेऊन घासला तर वेळ फुकट गेला असता ना. तो डबा घासता घासताच तिने नवस बोलला. मतमाउली, ही पोर घरी येऊ दे, अख्खं घर तुझ्या दारी चालवत आणते, गाडीला हात लावू देणार नाही. दुसऱ्यांच्या पायांवर नवस बोलायला तिला कुणाची परवानगी लागत नसे.

पोर घरी आली. रडायला लागली, मग रांगायला, मग सगळ्यांची चप्पल पळवायला. चौघांच्या सवडीचा मेळ बसायला तीन वर्षं गेली, कारण आमच्या मुलाची, सुनीलची, कंपनी सुट्टी देते ती डोळ्यांत औषध घालावं तशी, थेंब थेंब. तो मेळ बसला आणि प्रश्न आला बुटांचा.

आता हे नीट सांगते, कारण असा मूर्खपणा आमच्याच कारखान्यांच्या पट्ट्यातल्या घरात होऊ शकतो. आमचे हे, जोसेफ त्यांचं नाव, चाकणकडे एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत होते. तिथे दर वर्षी कामगाराला सेफ्टी शूज मिळत. काळे, जड, पुढे बोटांवर लोखंडी वाटी. ह्यांनी एकच जोडी झिजवत झिजवत रिटायरमेंटपर्यंत नेली आणि बाकीच्या कोऱ्या जोड्या बाईने माळ्यावर रचून ठेवल्या. खोक्यांसकट. पाहुणे आले की त्यांना वाटे, ह्यांचं बुटांचं दुकान होतं.

"आपण साध्या चपला घेऊ या का?" सुनीलने विचारलं होतं.

"घरात एवढं सोनं पडलंय आणि बाजारात जायचं?" बाई म्हणाली. "ज्या बुटावर मशीनवरचा लोखंडाचा जॉब पडला तरी बोट शाबूत राहतं, त्या बुटाला हरेगाव काय जड आहे?"

सगळ्या जोड्या ह्यांच्या मापाच्या. सुनीलला घट्ट, मला सैल, आणि रेश्माचा पाय तर त्यात वाटीत चमचा ठेवावा तसा. बाईकडे त्यालाही उपाय होता. पुढे कापूस कोंबायचा. आदल्या दिवशी तिने चारही जोड्यांना स्वतः पॉलिश केलं. मतमाउलीच्या दारात कुटुंब कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे.

देहूरोडहून पहाटेच निघालो. एंजल बाबागाडीत. चिखलीच्या बाजूने मोशीपर्यंत नमो मरिया म्हणत आलो, आणि आमच्या जपाला खालून ठेका होता. ठक, ठक, ठक, ठक. इंद्रायणीच्या पुलावर एक स्कूटरवाला वेग कमी करून म्हणाला, "काका, संप आहे का?" मोशीच्या पुढे जप बारीक झाला. कुरुळीच्या आसपास नुसता ठेका राहिला, तोही लंगडा. नाशिक रस्त्यावर शेजारून कंटेनर जात होते, धुळीचा पडदा अंगावर येत होता, आणि बाई सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, टाचेत निखारा धरल्यासारखी चालत होती. मागे वळून बघायची तिची हिंमत नव्हती. बघितलं असतं तर तिला कळलं असतं की रेश्माच्या पायांत मोशीपासूनच साध्या रबरी स्लिपर आहेत. बुटांची जोडी बाबागाडीच्या खालच्या जाळीत आरामात चालली होती.

चाकणला ह्यांचे जुने सोबती कांबळे भावोजी राहतात. दोघांनी एका मशीनवर आयुष्य काढलं. मुक्काम त्यांच्याकडे होता. दिवेलागणीला आम्ही त्यांच्या दारात उभे राहिलो, उभे म्हणजे दाराला टेकलो. भावोजींनी आधी तोंडं बघितली नाहीत. बूट बघितले. एका ओळीत चालून आलेले ते ओळखीचे बूट.

"काय जोसेफराव," ते म्हणाले, "अख्खी लाइन घेऊन आलास. ब्रेकडाउन कुठे झालं?"

बूट काढले तेव्हा कुणी हसलं नाही. ह्यांच्या आणि सुनीलच्या बोटांना फोड होते, पण ते चालण्यासारखे. माझ्या दोन्ही टाचांची सालं निघालेली. डाव्या टाचेकडे तर प्रमिलावहिनी, म्हणजे भावोजींच्या मंडळी, बघून न बघितल्यासारखं करून पाणी तापवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी चालणं होणार नाही हे न बोलता ठरलं. हाताशी एक जादा दिवस होता, तो इथेच खर्ची पडला.

असा आमचा विसाव्याचा दिवस उगवला. घरापासून बसने तासाभराच्या अंतरावर.

ही यात्रेतली खरी परीक्षा असते बरं का. लांब गेलेल्या माणसाला परत फिरावंसं वाटलं तरी फिरता येत नाही. आम्हाला खिडकीतून बस दिसत होती. सकाळी पोहे खाताना सुनीलने विषय काढलाच.

"आई, तू बसने घरी जा. तुझ्या वाटचं आम्ही चालतो."

"माझ्या वाटचं जेवता येतं का रे तुला?"

"मतमाउली समजून घेईल," हे म्हणाले.

"ती घेईल. मी नाही घेणार."

"अगं पण ती टाच बघ."

"टाच माझी आहे. नवस माझा आहे. चौघांतला एक जरी गाडीत बसला तरी मोडला. मी उद्या चालणार." असं म्हणून बाई ठामपणे उभी राहिली, आणि तितक्याच ठामपणे खाली बसली. जमीन तापलेल्या तव्यासारखी लागली होती.

तेव्हा रेश्मा बोलली. ती एंजलचे केस विंचरत होती. रेश्माबद्दल त्या बाईचं मत मला ठाऊक आहे, कारण ते तिने नात्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पोरगी गुणाची, पण सुस्त. बसली की बसली. दुपारची झोप घेते. चहा पिताना चहाच पिते, दुसरं काही करत नाही.

"आईंना चालायचंय तर चालू दे," रेश्मा म्हणाली. "उद्या सकाळी मी टाच बघेन आणि ठरवेन. पण मग आज पायावर भार द्यायचा नाही. न्हाणीघरात मी धरून नेईन. बाकी दिवसभर बसून. काम करायला म्हणून एकदा जरी उठल्या, तर उद्या बस."

सुनीलच्या घशात पोहे अडकले. "आईला बसायला सांगतेस? त्यापेक्षा हरेगावपर्यंत पळत जा म्हण. जमेल तिला."

"मग बसच्या वेळा विचारून ठेव," रेश्मा म्हणाली.

बाईला राग आला. राग आला की ती पैज घ्यायची. तिने पैज घेतली.

मला खिडकीशी दिवाणावर बसवलं. पायांखाली उशी. एंजलला समोर पाटावर बसवून आईने कामगिरी दिली, "आजी उठली की मला हाक मारायची." तीन वर्षांचं ते पोर पापणी न हलवता माझ्याकडे बघत राहिलं. असा पहारा देहूरोडच्या लष्करी फाटकावरही नसतो.

पहिला तास बरा गेला, असं मला वाटलं. घड्याळ बघितलं तर अजून पोह्यांच्या ताटल्याही उचलल्या नव्हत्या.

दुसऱ्याच्या घरात रिकामं बसणं काय असतं ते बायकांना सांगायला नको. पंख्याच्या पात्यांवर धूळ होती, ती मला दिसत होती आणि धुळीलाही मी दिसत होते. कोपऱ्यात कोथिंबिरीची जुडी पडलेली. मी गोड आवाजात म्हटलं, "वहिनी, ती इकडे द्या, बसल्या बसल्या निवडते."

प्रमिलावहिनींनी जुडी उचललीसुद्धा. रेश्माने ती मधल्या मध्ये काढून घेतली. "नको. आईंचे हात चालायला लागले की पाय मागोमाग जातात."

खोटं नव्हतं. ती कोथिंबीर निवडून झाली असती तर काड्या टाकायला मी उठले असतेच.

मग खिडकीबाहेर बघत बसले. दुसरा इलाज नव्हता. घर बाजाराच्या रस्त्यावर होतं. कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या पिकअप रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्या फटींतून निघालेला पातळ लाल पापुद्रा वाऱ्यावर रस्ताभर उडत होता. ओल्या डांबराला चिकटत होता, टायरला चिकटून पुढच्या गावाला जात होता. पहिल्या शिफ्टच्या बस कधीच्या गेल्या होत्या, जनरलच्या चालल्या होत्या. प्रत्येक खिडकीला एक झोपलेलं डोकं. गळ्यात ओळखपत्र, तोंड अर्धं उघडं. ह्यांचंही डोकं वर्षानुवर्षं अशाच एखाद्या खिडकीला टेकलेलं असणार, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. मी फक्त डबा भरून दार लावून घ्यायची. दाराच्या पुढचा माणूस मी कधी बघितलाच नव्हता.

हल्ली मला बसायचं वरदान मिळालंय. सोसायटीच्या बाकावर मी दोन दोन तास बसते. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाकडे कुठल्या खाणावळीचा डबा येतो, कुणाचं कुत्रं कुणाच्या गाडीवर पाय वर करतं, सगळं मला माहीत असतं. रेश्मा म्हणते, "आई, तुम्ही सीसीटीव्ही आहात." मी म्हणते, फरक आहे, तो जेवत नाही. पण ही विद्या ज्या दिवशी शिकले त्या दिवशी पहिल्या धड्याला मी जवळजवळ नापास होणार होते.

दुपार कलली. ही पुरुष मंडळी चपला घ्यायला बाजारात गेली होती. भावोजींनी बुटांच्या चारही जोड्या ताब्यात घेऊन सांगितलं होतं की ते आता कंपनीच्या गोदामात जमा समजा. दारात शेजारच्या अनुसयामावशी दूध घेऊन आल्या. चाकणच्या जुन्या घरातल्या, घरी म्हशी. प्रमिलावहिनी दुधाला भांडं आणायला आत गेल्या तेवढ्यात मावशींनी मला न्याहाळलं. दिवाणावर लोड, पायांखाली उशी, हातात काही नाही.

"पाव्हण्या व्हय?"

"हो."

"सून कवाधरनं भांडी घासतीया मागल्या अंगाला, दिसली मला. आन् तुमी बसून?"

आयुष्यभर हे वाक्य मी लोकांना ऐकवत आले होते. मला ऐकवणारं कुणी भेटलं नव्हतं. "नवस आहे," मी म्हटलं.

"कसला?"

"म्हणजे, आज उठायचं नाही."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "बसायचा नवस? असा नवस आमच्यात न्हाई बाई. असता तर आमी बी धरला असता." आणि रिकामी किटली हलवत निघून गेल्या. जिन्यात दोन बायका भेटल्या असाव्यात, कारण खालून हसण्याचा आवाज आला.

त्या गेल्या आणि भुरभुर सुरू झाली. प्रमिलावहिनींनी दूध गॅसवर चढवलेलं. गच्चीवर कपडे होते, आमचेही, सगळ्यांचे. "रेश्मा, चल गं पटकन," म्हणून दोघी वर पळाल्या. खोलीत उरलो मी, एंजल आणि दूध.

स्वयंपाकघराचं दार दिवाणाच्या सरळ रेषेत. पातेलं मला दिसत होतं. आधी कडेला बुडबुडे आले. मग मधली साय थरथरली. मी हाक मारली, "रेश्मा, दूध." वर गच्चीवर पावसाचा आवाज असणार. परत हाक मारली, लष्कराच्या हद्दीपर्यंत जाणारी. कुणी नाही. साय वर उचलायला लागली.

वाचकहो, उतू जाणारं दूध समोर असताना बसून राहणं बाईच्या जातीला जमत नाही. मनाने मी तीन वेळा उठले, गॅस बंद केला, ओटाही पुसला. पाय एकदा उशीवरून खाली गेलाच. समोर एंजलने तोंड उघडलं, हाक मारायला. ते उघडलेलं तोंड बघून मला उद्याची बस दिसली. माझ्याशिवाय पुढे जाणारे तिघं दिसले आणि त्यांच्या मागे देहूरोडच्या रिकाम्या घरात झाडू मारणारी मी दिसले.

उभं राहायचं नव्हतं ना. पायावर भार द्यायचा नव्हता. बसून राहायचं होतं. ठीक.

मी दिवाणावरून बसूनच घसरले, फरशीवर टेकले, पाय वर उचलून धरले आणि हातांच्या जोरावर सरकत निघाले. मागचा भाग पुढे, पाय आकाशात. एंजलला आधी काही कळेना. मग तिला हा खेळ फारच आवडला आणि तीही शेजारी बसून सरकायला लागली. आजी आणि नात, खोली ओलांडून, उंबरा ओलांडून, स्वयंपाकघरात. गॅसचं बटण वर ओट्यावर, ते हाताला येणार नाही हे मला माहीत होतं. पण सिलिंडर ओट्याखाली. मी हात घालून त्याचीच कळ फिरवली. ज्योत विझली. तोवर थोडं दूध ओट्यावरून वाट काढून खाली आलं होतं आणि बरोबर माझ्या भांगात पडलं.

कपड्यांचे ढीग घेऊन दोघी दारात आल्या तेव्हा मी ओट्याखाली बसले होते, पाय हवेत, डोक्यावरून दूध निथळतंय, आणि मांडीवर टाळ्या वाजवणारी एंजल.

"उठलात," रेश्मा म्हणाली.

"उठले नाही."

"मग इथे कशा आलात?"

खटला संध्याकाळी उभा राहिला, सगळे परत आल्यावर, चहाबरोबर. सुनीलचं म्हणणं, नियम मोडला, बस. ह्यांचं म्हणणं, दुधाला माफी असावी. रेश्मा चहाच पीत होती. साक्षीदार एकच होता. तिला पाटावर उभं केलं.

"एंजल, आजी उभी राहिली का?" रेश्माने विचारलं.

"नाही. आजी गाडी झाली."

"गाडी?"

"ब्रूम." आणि तिने बसकण मारून सरकून दाखवलं.

भावोजी चहाचा कप खाली ठेवून हसत सुटले. "घ्या. गाडीला हात लावायचा नाही असा ह्यांचा नवस, आणि वहिनी स्वतःच गाडी."

"ती तीनचाकी असेल," हे म्हणाले. "टेम्पो."

मी सुनेकडे बघत होते. इतरांना मजा वाटत होती, आणि मजा होतीच, पण माझा चहा तसाच होता. आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाच्या तरी हो-नाहीची वाट बघत बसले होते, आणि ते कुणीतरी म्हणजे दुपारची झोप घेणारी रेश्मा.

"पायावर भार दिला नाही, हे खरं," ती शेवटी म्हणाली. "उद्या सकाळी टाच बघू."

नंतर तिने कोमट पाण्याची परात आणली. माझे पाय मांडीवर घेऊन पुसायला लागली. मला ते अवघड वाटत होतं. हात कुठे ठेवावेत कळेना. बाहेर दुसऱ्या शिफ्टच्या बस रिकाम्या परत चालल्या होत्या, दूर मंडपात कुणीतरी माइक तपासत होतं, हॅलो हॅलो करत होतं. प्रमिलावहिनींनी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे दिवा लावला होता, आणि त्या उजेडात एंजल पाटावरच झोपली होती.

"आज अवघड गेलं ना?" रेश्माने विचारलं.

"चालण्यापेक्षा."

"माहीत आहे मला." ती टाच पुसत राहिली. "एंजलच्या वेळी मी हेच केलं. पेटीतून काढून तिला माझ्या छातीवर बांधायचे, कापडाने. माझी ऊब तिला लागायला हवी होती. नर्स म्हणायची, हलायचं नाही, मोठा श्वाससुद्धा सांभाळून. चार चार तास. नाक खाजलं तरी हात काढायचा नाही. मग परत संध्याकाळी."

"मला वाटायचं, ती पेटीतच असते."

"असायची. पण वजन धरायला लागली ते छातीवर आल्यापासून." ती हसली. "तुम्ही बाहेरच्या नळावर डबा घासताना मला आवाज यायचा. मी एंजलला सांगायची, बघ, आजी आली. तुझी आजी डबा कसा घासते, ऐक. डब्याचं काही खरं नाही."

जे मी सुस्ती म्हणून नात्यात सांगत फिरले होते, त्याच्याच उबेत ही पोर वाढली होती. बाहेर आवारात एक बाई नळ सोडून मोठमोठ्याने नवस बोलत होती आणि आत तिची सून श्वास मोजून घेत बसून होती. त्यांतलं मतमाउलीला नेमकं काय ऐकू गेलं, ते मी सांगू शकत नाही. पण आवाज माझाच मोठा होता, एवढ्यावरून काही ठरत नाही, हे मला त्या परातीत पाय असताना पटलं.

"आता झोपा," रेश्मा म्हणाली. "झोपणंही बसण्यातच येतं."

सकाळी उजेड व्हायच्या आधी तिने टॉर्च घेऊन दोन्ही टाचा पाहिल्या. बोटाने दाबल्या. सुनील बसची वेळ तोंडपाठ करून तयार उभा होता. ती एवढंच म्हणाली, "चालतील. पण पुढे मी राहणार. त्या माझ्या मागे."

नव्या रबरी चपला घालून आम्ही राजगुरूनगरच्या रस्त्याला लागलो. पुढे रेश्मा, तिच्या सावकाश चालीने, बाबागाडी ढकलत. मागे मी. त्या चालीने आधी माझा जीव कासावीस झाला. मग जप तिच्या पावलांत बसला आणि टाचेने तक्रार करायची सोडली. रस्त्याच्या कडेला एक पंक्चरचं दुकान होतं, अजून न उघडलेलं, पुढे एक लाकडी बाकडं. पाय ठीक होते, ऊन यायचं होतं, पुढचं गाव तर समोर दिसत होतं. मी एकटी असते तर तिथे थांबायचं कारणच नव्हतं.

रेश्मा थांबली. बाकडं हाताने झाडलं.

"बसा," ती म्हणाली.

किती वेळ, असं मी विचारलं नाही. बसले.